एका हाताचा फेटा

भादव्यातली भुरभुर होती. पडतोय म्हणावं तर अंग भिजत नाही, आणि नाही म्हणावं तर लुगड्याचा काठ ओला होऊन पोटऱ्यांना चिकटतो... असला पाऊस. चिखलीचा बाजाराचा दिवस. तहसील कचेरीपुढचं आवार माणसांनी, बैलांनी आणि चिखलानं भरलेलं. मंजुळा कचेरीच्या पायऱ्या उतरून समोरच्या टिनाच्या छपराकडे निघाली होती, छातीशी कागद धरून, आणि नेमका तेव्हाच वारा सुटला.

वरचा कागद उडाला. कागद पुढं, मंजुळा मागं. भज्याच्या दुकानाला वळसा घालून तो नालीकडे निघालाच होता, तेवढ्यात एका माणसानं त्याच्यावर सरळ पाय ठेवला. पायात लष्करी बूट, आणि बुटाला बाजारभरचा चिखल.

मंजुळा जाग्यावर थांबली. सकाळपासून एकटाकी लिहिलेला कागद होता तो.

"लोकाच्या कागदावर पाय देता? दिसत नाई का?"

"दिसला म्हून तं दिला," तो म्हणाला. "नाई तं नालीत गेला असता."

"हात नव्हता का उचलायले?"

"होता ना. पण त्यात हे हाये." त्यानं उजव्या हातातली वांग्यांची पिशवी जराशी वर केली. "अन् दुसरा..." तो क्षणभर थांबला. "दुसरा घरी नाई आला. तिकडंच राह्यला."

तेव्हा कुठे मंजुळाचं लक्ष गेलं. अंगात खाकी कोट होता आणि कोटाची डावी बाही नीट घडी करून खिशात खोचलेली होती. तिचे कान तापले. काही बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण त्याच्या डोळ्यांत हसू होतं, अगदी उघड. त्या हसऱ्या डोळ्यांपुढं माफी मागता येईना आणि रागावताही येईना.

त्यानं पिशवी खाली ठेवली, कागद उचलला, कोटाला पुसला आणि तिच्यापुढं धरला. "अथी अर्ज लिहिणारे महादेवराव कुठं बसतात?"

"माह्या मागं या," एवढंच ती म्हणाली.

महादेवराव तिचे वडील. चिखलीत अर्ज लिहून देण्याची सनद त्यांच्याकडे वीस वर्षं होती. पण चार वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरू लागला. लेखणी धरली की ओळ सापासारखी धावायची. मंजुळा मराठी सातवी झालेली, अक्षर मोत्यासारखं. मग वडील सांगायचे आणि ती लिहायची. खाली सही तेवढी ते कशीबशी करायचे. पोरगी कचेरीपुढं बसते म्हणून दोन स्थळं परत गेली होती. विसावं सरलं तरी ती घरीच होती, आणि त्याची बोलणी आई सुभद्राबाईला पाणवठ्यावर ऐकावी लागत होती.

तो माणूस इंद्रभान, उंद्रीचा. लढाईत तो फौजेची गाडी चालवत होता. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर जखमी शिपाई घेऊन डोंगरातून उतरताना रस्ता खचला. गाडी दरीत जाऊ नये म्हणून त्यानं ती डोंगराच्या अंगावर घातली. आतले सगळे वाचले. त्याचा डावा हात मात्र चेपलेल्या पत्र्यात सापडला, आणि दवाखान्यात कोपराच्या वरून कापावा लागला. हे सगळं त्यानं पेरणीची हकीकत सांगावी तसं सांगितलं.

"मंग पेन्शन?" महादेवरावांनी विचारलं.

"एक साल भेटली. आता बंद. म्हणतात, पुन्हा अर्ज करा. तपासणीचा बोर्ड बसवतो, अजून अपंग हायेत का ते पाहतो."

मंजुळानं मान वर केली. "अजून हायेत का, म्हणजे?"

"हात उगवला अशीन, असं वाटत अशीन त्यायले."

तो हसला. महादेवरावही हसले. मंजुळाला हसू आलं नाही. तिनं टाक दौतीत असा बुडवला की शाई काठावर उडाली.

वडील सांगू लागले आणि तिचा हात सवयीनं चालू लागला. वर्षानुवर्षं तेच शब्द. अर्ज पुरा झाला की तो अर्जदाराला वाचून दाखवायचा, अशी महादेवरावांची रीत. मंजुळा वाचू लागली : "अर्जदार गरीब, निराधार, सर्व कामास नालायक व संसार करण्यास असमर्थ असून हुजुरांच्या दयेवर..."

"थांबा जरा," इंद्रभान म्हणाला. "ते पुन्हा वाचा. संसाराचं."

"संसार करण्यास असमर्थ."

"हे कोणं ठरवलं?"

मंजुळा गोंधळली. "तसं लिहा लागते."

"चौकशी न करता?"

टिनावर पाऊस बारीक वाजत होता. मंजुळाची मान खाली गेली ती वर येईना. महादेवराव खाकरले. "बापा, सरकारले रडणारा माणूस लागते. ताठ माणसाले कोणी काही देत नाई."

"रडलो असतो जी," इंद्रभान शांतपणे म्हणाला. "पण ज्याच्यासाठी हात दिला, त्याच्याचपुढं नालायक म्हून उभं राहू? नालायक असतो तं गाडी दरीत गेली असती." त्यानं कागद तिच्या हातून हळूच काढून घेतला, घडी घालून तिच्याच पुढ्यात ठेवला. "राहू द्या. एवढं पाप तुमच्या अक्षरात नको." आणि तो गेला. वांग्यांची पिशवी तिथंच विसरून... की मुद्दाम ठेवून, ते तिला कळलं नाही.

ती वांगी तिनं घरी नेली, भाजली, आणि भाकरीबरोबर खाताना तिला संताप आला. आधी त्याचा. मोठा आला ताठ मानेचा. मग स्वतःचा. चार वर्षांत तिनं किती माणसांना नालायक लिहिलं होतं... धडधाकट मनाच्या बाईला अबला, कष्टाळू म्हाताऱ्याला निरुपयोगी. आणि ते लिहून घेणारी माणसं मान खाली घालून ऐकत बसायची, जणू ऐकण्याचीही शिक्षाच. कोणी एकानंसुद्धा विचारलं नव्हतं, हे कोणं ठरवलं म्हणून. विचारावं अशी जागाच त्यांना कोणी ठेवली नव्हती.

पुढच्या बाजाराआधी तिनं नवा अर्ज लिहिला. वडिलांनी सांगितलेला नव्हे, स्वतःचा. रस्ता खचला ते लिहिलं, गाडी वाचवली ते लिहिलं. हात कोपराच्या वरून नाही, तो परत येणार नाही, आणि अर्जदार दया मागत नसून आपला हक्क मागतो, असं लिहिलं. महादेवरावांनी तो दोनदा वाचला.

"हे पाहून साहेब चिडीन, पोरी."

"चिडू द्या. मी चिडले त्याचं काई नाई?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि सही केली.

इंद्रभान आला तो आईनं धाडलं म्हणून, असं त्यानं आल्याआल्या सांगून टाकलं. मंजुळानं कागद पुढं केला. तो सावकाश वाचत होता. वाचताना त्याचे ओठ हलत होते आणि मंजुळा ते ओठ कुठल्या ओळीवर आले हे ओळखायचा प्रयत्न करत होती. शेवटी त्यानं कागद खाली केला.

"ते संसाराचं वाक्य?" त्यानं विचारलं.

"काढलं."

"त्या जागी काय लिहिलं मंग?"

"काई नाई." मंजुळा शाईची दौत पुसू लागली, पुसायचं काही नसताना. "त्याची चौकशी व्हायची हाये अजून."

तो हसला नाही. नुसता बघत राहिला, आणि दौत पुसून पुसून तिची बोटं काळी झाली.

त्यानंतर दर बाजाराला तो येऊ लागला. कधी अर्ज पुढं गेला का ते विचारायला, कधी बोर्डाची तारीख लागली का ते विचारायला. आणि एकदा तर नुसतंच, "अथून चाललो होतो" म्हणून. उंद्रीहून कचेरीपुढून कुठं जाता येतं, हे महादेवरावांनी त्याला विचारलं नाही. येताना वांगी आणायचा, कधी ओल्या मिरच्या.

"पिशवी धरायले सोबत कोणी काऊन आणत नाई?" एकदा मंजुळानं विचारलं.

"पाहून राह्यलो," तो म्हणाला. "अजून कोणी हो म्हटलं नाई."

"विचारलं का पण कोणाले?"

"हिंमत जमा करून राह्यलो."

दिवाळी झाल्यावर बोर्डाची तारीख लागली. बुलढाण्याला, सकाळच्या थंडीत. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार चढावर दमायची. सगळ्यांनी उतरून ती ढकलली. इंद्रभाननं एका हातानं, मंजुळानं दोन्ही हातांनी, आणि महादेवराव बाजूनं चालत राहिले. वर पोचेपर्यंत मंजुळाचं तोंड लाल झालं होतं आणि तिला वाटत होतं की आज काही वाईट होणारच नाही.

बोर्डाच्या खोलीत एक साहेब होता आणि एक डॉक्टर. दार उघडंच होतं, म्हणून व्हरांड्यात उभ्या माणसांना आतलं सगळं दिसत होतं. आत धामणगाव बढ्याचा कडूबा नावाचा शिपाई होता. स्फोटात दोन्ही डोळे गेलेला. त्याची आई शालूबाई उंबऱ्याशी बसलेली. साहेबानं काडी पेटवली आणि कडूबाच्या चेहऱ्याशी नेली.

"पापणी हलली," साहेब म्हणाला.

"आच लागली साहेब," कडूबा म्हणाला.

"बोटं किती आहेत सांग."

"दिसत नाई साहेब."

"खरं सांग. किती आहेत?"

"नाई दिसत..."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या धिप्पाड माणसाचा आवाज चिरकला. शालूबाईनं पदर तोंडात कोंबला. मंजुळाला आत जाऊन ती काडीची पेटी साहेबाच्या हातून हिसकून घ्यावीशी वाटली. महादेवरावांनी तिचं मनगट धरलं, त्यांच्या थरथरत्या हातानं.

मग इंद्रभानचं नाव पुकारलं. कोट काढायला लावला, सदरा काढायला लावला. थंडीत तो उघडा उभा राहिला आणि डॉक्टरनं उरलेल्या दंडाला बोट लावून पाहिलं. हात नव्हता तो नव्हताच. साहेबानं अर्ज वाचला. "हक्क" या शब्दावर त्याचं बोट थांबलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी सांगितलं तसं लिहिलं," इंद्रभान म्हणाला. मंजुळाला ठाऊक होतं, तसं नव्हतं ते.

"बादली उचल ती."

त्यानं उचलली.

"बरं. आता फेटा सोड. आणि बांधून दाखव."

व्हरांड्यातली कुजबूज बंद झाली. इंद्रभाननं डोक्यावरचा फेटा सोडला. लांबच लांब कापड, त्याच्या खांद्यावरून खाली लोंबू लागलं. मंजुळाला साहेबाचा डाव कळला. बांधता आला तर माणूस धड आहे; नाही आला तर लुळा. एकदा पडू दे, ती मनात म्हणाली. दोनदा पडू दे. मग देतील ते पेन्शन. दया मागत नाही म्हणून लिहिणारी मंजुळा आता त्यानं दया मागावी म्हणून जीव टाकत होती, आणि तेही तिला कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. कुणी आणलं मला या जागेवर?

इंद्रभाननं दाराकडे बघितलं. त्यांची नजरानजर झाली. मंजुळानं मान हलवली, अगदी थोडी... नको.

त्यानं कापडाचं टोक दातांत धरलं. मान कलती केली आणि उजव्या हातानं पहिला पेच घेतला. हात फिरायचा, मान फिरायची, कापड ताणलं जायचं. एक पेच निसटला, तो त्यानं खांद्यानं दाबला. कपाळावर घाम आला, त्या थंडीत. शेवटी दातातलं टोक सोडून त्यानं ते आत खोचलं. फेटा बसला होता, सरळ, ठसठशीत, गावच्या पाटलाला शोभावा असा.

"शाबास," साहेब म्हणाला. "भागतंय की तुझं." आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "पुढचा."

महादेवरावांची पकड सुटली, की मंजुळानं सोडवली, तिलाच कळलं नाही. ती आत होती.

"काय लिहिलं साहेब?"

"तू कोण?"

"महादेवराव अर्जवाल्याची पोरगी. तो अर्ज माह्या हातचा हाये."

साहेबानं तिच्याकडे नीट बघितलं. "अर्जदाराला एका हातानं सगळं येतं. त्याला कोणाच्या मदतीची गरज नाही. झालं समाधान?"

"तुम्ही राह्यलेला हात पाहिला साहेब," मंजुळा म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता तितका मोठा निघाला नाही. त्यामुळं तो जास्तच नीट ऐकू गेला. "तो त्याचा स्वतःचा. तो काय शिकला, ते त्याच्या कष्टाचं. तुमच्यासाठी गेला तो दुसरा. त्याचं काय लिहिलं?"

डॉक्टरनं मान खाली घातली. साहेब लाल झाला. त्यानं चपराशाला हाक मारली आणि व्हरांड्यातल्या महादेवरावांना ऐकू जाईल असं बजावलं की ही मुलगी पुन्हा सरकारी कामात दिसली तर सनद रद्द होईल. चपराशी तिला हात लावायला धजला नाही. तीच निघाली.

कचेरीमागं कडुनिंबाखाली ती उभी होती. डोळ्यांत पाणी होतं, पण ते रडण्याचं नव्हतं. इंद्रभान आला, कोट खांद्यावर टाकून.

"काऊन बांधला?" ती म्हणाली. "मी मान हलवून नाई म्हणत होते. दिसलं नाई?"

"दिसलं."

"मंग?"

"तुम्ही पाहून राह्यल्या होत्या..." तो म्हणाला.

वाऱ्यानं कडुनिंबाची पानं हलली.

"त्या दोघांपुढं मी धा वेळा पाडला असता फेटा," तो सावकाश म्हणाला. "त्यायची काय लाज? पण तुमच्यापुढं... एकदा पडला असता तं चिखलीले पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं मले."

आता रागानं तरी काय करावं? राग होता, चांगला धगधगता होता, पण याच्यापुढं तो कुठं ठेवावा हे तिला कळेना. "म्हणजे माह्यामुळं पेन्शन गेली तुमची," ती पुटपुटली.

"तसंच म्हणून राह्यलो. भरपाई कोणाकडं मागू?"

"अर्ज करा." ती दुसरीकडं बघत म्हणाली. "लेखी."

"लिहून कोण देईन?"

ती हसली. त्या सबंध दिवसात पहिल्यांदा. महादेवराव काठी टेकत येत होते, ते दोघांना बघून मध्येच थांबले आणि झाडाची साल निरखू लागले.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विषय काढला. मंजुळा नागपूरला धाडायचं अपील लिहायला बसली होती. सुभद्राबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"पोरगा चांगला हाये," महादेवराव म्हणाले. "मले दिसत नाई असं नाई. पण एका हाताचा संसार... तू अपील कर. मी सही करतो, सनद जाईन तं जाईन. पेन्शन लागली तं पुढचं पाहू."

मंजुळानं टाक खाली ठेवला.

"बाबा, म्हणजे तुम्हीबी बोर्डावरच बसले की."

"तसं नव्हे पोरी..."

"तसंच हाये. त्यायनं पाहिलं हात किती गेला, तुम्ही पाहता पेन्शन किती आली. माणूस कोणी पाहिला?"

तव्यावरची भाकरी सुभद्राबाईनं उलटली आणि मागं न बघता म्हणाली, "यांचा हात थरथरायले लागला, तवा मी काय बोर्ड बसवला होता का? नवरा कामाचा राह्यला नाई म्हून माहेरी गेली होती का मी?"

महादेवरावांनी आपला उजवा हात मांडीवर ठेवला, डाव्यानं तो दाबून धरला. मग उठले, टोपी घातली. "गाडी सांगतो," म्हणाले.

"कुठची?"

"उंद्रीची. अपिलावर त्याची सही नको का? अन् तू चाल सोबत. तुले तं सगळं तोंडानं बोलता येते."

उंद्रीत इंद्रभान वांग्यांच्या वाफ्यात पाणी वळवत होता. पायानं माती ओढायची, एका हातानं फावडं टेकायचं. गाडी बघून तो तसाच चिखलाच्या पायांनी आला. त्याची आई गोजरबाई ओट्यावर उडीद पाखडत होती, तिनं सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं आणि घाबरतच विचारलं, "पेन्शनीचं तं जमलं नाई म्हणे. मंग काऊन आले जी एवढ्या लांब?"

"मी पेन्शनीचं नाई आलो, बाई," महादेवराव म्हणाले. "सोयरिकीचं आलो. तुमचा पोरगा मागायले."

गोजरबाईनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग मंजुळाकडे, आणि मग ती आत जाऊन गुळाचा खडा शोधू लागली. भांडी पडल्याचा आवाज आला. इंद्रभान अंगणात उभाच होता. पायांवरचा चिखल वाळत चालला होता.

"बाबा सांगतात ते ऐकलं," तो मंजुळाला म्हणाला. "तुमचं काय म्हणणं?"

"माह्यं म्हणणं मी साहेबापुढं बोलून बसले. आता तुम्ही बोला."

"साहेबानं तं लिहून ठेवलं..." तो थांबला. त्याच्या डोळ्यांत ते हसू नव्हतं. हसायला तो घाबरला होता. "मले कोणाच्या मदतीची गरज नाई म्हणते साहेब."

"अन् तुम्ही?"

"साहेब खोटं लिहिते, मंजुळा."

नाव पहिल्यांदा घेतलं होतं त्यानं. ती पुढं झाली. ओट्यावरची घागर उचलली, त्याच्या पायांवर पाणी ओतलं, आणि तो एका पायानं दुसरा पाय चोळत राहिला. घागर रिकामी झाली तरी दोघं तिथंच होती.

माघात लग्न झालं. बोलणारे बोललेच. अर्ज लिहिणारीनं स्वतःसाठीच अर्जदार गाठला, असं कचेरीत म्हणाले, आणि मंजुळानं ते ऐकून डोळ्यांत डोळे घालून "हाव" म्हटलं. बाजाराच्या दिवशी ती उंद्रीहून येऊन वडिलांशेजारी बसायचीच. सनद काढून घ्यायचा हुकूम आला नाही. साहेब विसरला असेल, नाहीतर डॉक्टरनं काही बोलून ठेवलं असेल; ते कधी कळलं नाही.

नागपूरचं उत्तर आलं तेव्हा पेरण्या आटोपल्या होत्या. पेन्शन पुन्हा चालू, जन्मभरासाठी, आणि पुन्हा बोर्डापुढं जायची गरज नाही. मंजुळानं कागद बांधावर उभं राहून वाचला, उलटून पाहिला आणि पुन्हा वाचला.

"काय शोधून राह्यली?" इंद्रभाननं विचारलं.

"चूक झाली, असं कुठंच लिहिलं नाई यायनं. कपडे काढून उभं केलं थंडीत... त्याचा एक शब्द नाई."

"तो नाई येत. हातासारखाच."

"मले पाह्यजे पण," ती म्हणाली. आणि तिचा राग बघून त्याला जे वाटलं ते त्यानं सांगितलं नाही. नुसता तिच्या कपाळावरचा घाम आपल्या हातानं पुसला, शेतात माणसं असताना.

"कडूबाचं काय झालं?" तिनं विचारलं.

"नामंजूर. पापणी हलते ना त्याची."

मंजुळानं कागदाची घडी घातली आणि कमरेला खोचली. "गाडी जुंपा."

"आत्ता? धामणगाव बढे काय जवळ हाये?"

"म्हून तं आत्ता."

गोजरबाईनं भाकरी बांधून दिल्या. मंजुळानं दौत, टाक आणि कोरे कागद पिशवीत भरले. इंद्रभाननं बैल जुंपले, पुढं धुरीवर बसून कासरा उजव्या हाती घेतला. ती चाकावर पाय देऊन वर चढली आणि त्याच्या डाव्या अंगाला, अगदी लगत, बसली. तिकडून आभाळ भरून येत होतं. त्यानं बैलांना हाक दिली आणि गाडी रस्त्याला लागली.